यादीत दिसते, पण उघडत नाही

फोल्डर उघडलं की फाइल यादीत दिसते, आणि तिच्यावर क्लिक केलं की उत्तर येतं, ‘अशी फाइल नाही’. डिस्क धडधाकट, परवानग्या ठीक, तीच डिस्क मॅकला लावली तर सगळं सुरळीत. ही तक्रार आली तेव्हा एचएफएस प्लस या मॅकच्या फाइल सिस्टिमचा (डिस्कवर फाइली मांडून ठेवण्याच्या पद्धतीचा) ड्रायव्हर, म्हणजे ती हाताळणारा प्रोग्रॅम, नुकताच माझ्या गळ्यात पडला होता. आमच्या छोट्या ऑपरेटिंग सिस्टिमवर जुन्या मॅकच्या डिस्क वाचता याव्यात आणि पुढे त्यांवर लिहिताही यावं, एवढंच काम. आधी कुणीतरी लिहिलेला कोड होता, बऱ्यापैकी नेटका. नावांची तुलना करणारं फंक्शन तर एका स्क्रीनवर मावेल एवढंच. माझा बहुतेक वेळ खाल्ला तो याच फंक्शननं.

दिसते पण सापडत नाही, हे होतं कसं? एचएफएस प्लसमध्ये डिस्कवरच्या सगळ्या फाइलींची नोंद कॅटलॉग नावाच्या एकाच बी-ट्रीमध्ये, म्हणजे क्रमानं लावलेल्या नोंदींच्या झाडात, असते. प्रत्येक नोंदीची की, म्हणजे ती जिच्यावरून शोधायची ती खूण, दोन भागांची: आधी वरच्या फोल्डरचा क्रमांक, मग नाव. यादी दाखवायची असेल तर ड्रायव्हर त्या फोल्डरच्या पहिल्या नोंदीपाशी जातो आणि तळाच्या नोडमधून एकेक नोंद उचलत पुढे सरकतो. तिथे दोन नावांची तुलना करायची वेळच येत नाही. फाइल उघडताना मात्र मुळापासून खाली उतरावं लागतं, आणि प्रत्येक नोडवर एकच प्रश्न: आपल्याला हवं ते नाव याच्या आधी येतं की नंतर? एकदा उत्तर उलटं आलं की आपण भलत्याच फांदीत शिरतो. तिथे फाइल नसतेच, मग ‘नाही’ हे उत्तर ड्रायव्हरच्या दृष्टीनं अगदी प्रामाणिक असतं.

न सापडणाऱ्या नावांची यादी मागवली. जवळजवळ सगळ्यांत अंडरस्कोर होता.

रोमन लिपीतली दोन नावं घ्या, ‘डेटा_ओल्ड’ आणि ‘डेटाबेस’. पहिली चार अक्षरं सारखी. पाचव्या जागी एकीकडे अंडरस्कोर, दुसरीकडे बी. अंडरस्कोरचा कोड, म्हणजे संगणकातला त्या चिन्हाचा क्रमांक, ९५. कॅपिटल बीचा ६६, स्मॉल बीचा ९८. तुलना करण्याआधी सगळी अक्षरं कॅपिटल केली तर ६६ आधी, म्हणून ‘डेटाबेस’ पहिलं. सगळी स्मॉल केली तर ९५ आधी, म्हणून ‘डेटा_ओल्ड’ पहिलं. दोन नावं सारखी आहेत का एवढंच बघायचं असेल तर कॅपिटल करा नाहीतर स्मॉल करा, उत्तर तेच. क्रम लावायचा असेल तर मात्र दिशेला महत्त्व येतं, कारण कॅपिटल झेड ९० वर संपतो, स्मॉल ए ९७ पासून सुरू होतो आणि मधल्या सहा जागांवर चौकटी कंस, अंडरस्कोर वगैरे मंडळी बसलेली आहेत. हातातला कोड सगळं कॅपिटल करत होता. विंडोजच्या एनटीएफएसमध्ये तसंच करतात, त्यामुळे तो बहुधा तिकडून उचलला असावा. एचएफएस प्लस स्मॉल करतो. दुरुस्ती दोन ओळींची होती.

तिथेच थांबले असते तर चाललं असतं, पण पुढचं काम लिहिण्याचं होतं. वाचताना चुकलं तर फाइल सापडत नाही, एवढ्यावर भागतं. लिहिताना चुकलं तर नोंद चुकीच्या जागी बसते आणि मग मॅकलाही ती सापडत नाही. म्हणून आधी एक तपासनीस प्रोग्रॅम लिहिला. तो कॅटलॉगची तळाची सगळी पानं डावीकडून उजवीकडे वाचतो आणि शेजारच्या प्रत्येक जोडीला आमच्या फंक्शनसमोर उभं करतो. डावीकडची नोंद लहानच यायला हवी. सारखी आली किंवा मोठी आली तर फंक्शन चूक, कारण डिस्क मॅकनं लिहिलेली आहे आणि क्रमाच्या बाबतीत तिचा शब्द शेवटचा. चाचण्या लिहिताना ‘बरोबर उत्तर काय’ हे नेहमी कुणीतरी ठरवावं लागतं. इथे ते आयतं लिहून ठेवलेलं होतं. हा प्रोग्रॅम मी सर्वांत आधी लिहायला सांगेन, ड्रायव्हरच्याही आधी.

ॲपलनं एचएफएस प्लसची रचना ११५० क्रमांकाच्या टेक्निकल नोटमध्ये दिली आहे. तुलनेचं फंक्शन आणि अक्षरांचा तक्ता, दोन्ही तिच्यात आहेत. फाइल सिस्टिम १९९८ मध्ये मॅक ओएस ८.१ बरोबर आली, त्यामुळे तक्ता त्या काळच्या युनिकोडचा, म्हणजे सगळ्या लिपींतल्या अक्षरांना कोड देणाऱ्या मानकाचा. तो पाहताना पहिल्यांदा वाटतं की यात चुका आहेत. डोक्यावर चिन्ह असलेला कॅपिटल ए, म्हणजे फ्रेंच किंवा पोर्तुगीज नावांतला, तक्त्यात स्मॉल होतच नाही. तिरकी रेघ मारलेला ओ होतो, ए आणि ई यांचं जोडाक्षर होतं, पण चिन्हवाले स्वर जसेच्या तसे. कारण साधं आहे: डिस्कवर ही अक्षरं एकसंध स्वरूपात असायचीच नाहीत. एचएफएस प्लस नाव साठवताना ते सुटं करतो. चिन्हवाला ए म्हणजे आधी साधा ए, मागून चिन्ह. मग स्मॉल करायला साधा ए पुरतो. तक्ता ‘सुधारायची’ खुमखुमी कुणालाही येईल, आणि तो सुधारला तर क्रम बदलेल. आम्ही तो नोटमधून उचलून तसाच ठेवला आणि वर मोठ्या अक्षरांत ‘हात लावू नये’ अशी टिप्पणी लिहिली.

नाव सुटं करण्यात दोन गोष्टी जास्त वेळ घेतात. एक, चिन्हांचा आपसातला क्रम. व्हिएतनामी भाषेत ई या अक्षरावर टोपी आणि खाली टिंब अशी दोन चिन्हं एकदम येतात. कुणी टोपीवाला ई टाइप करून मग टिंब देतो, कुणी उलट. युनिकोडनं प्रत्येक चिन्हाला एक वर्ग दिला आहे: खालच्या टिंबाचा २२०, टोपीचा २३०. लहान वर्ग आधी, त्यामुळे कसंही टाइप केलं तरी साठवताना ई, टिंब, टोपी असंच पडायला हवं. नुसता तक्त्यातून पर्याय उचलून ठेवणारा कोड इथे फसतो. त्याला मागे वळून चिन्हांची अदलाबदल करावी लागते.

दुसरी गोष्ट कोरियन. हंगुलच्या ११,१७२ अक्षरांना तक्ता लागत नाही, कारण १९ आरंभीची व्यंजनं, २१ स्वर आणि २८ शेवट (त्यात ‘शेवट नाही’ हाही एक) यांच्या गुणाकारातून ती बनतात आणि भागाकार करून सुटी होतात. हा कोड लिहिताना फार बरं वाटलं. पण एका अक्षराची तीन एककं (एकक म्हणजे १६ बिटांचा एक आकडा) होतात, आणि नावाची मर्यादा २५५ एककांची. म्हणजे ज्यांतल्या प्रत्येक अक्षराला शेवटचं व्यंजन आहे असं कोरियन नाव ८५ अक्षरांत संपतं. वापरणाऱ्याला स्क्रीनवर मात्र शंभर अक्षरांचं नाव दिसत असतं आणि ‘नाव फार लांब’ हा संदेश त्याला पटत नाही. (नाव यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरागणिक कमी-जास्त बाइट लागणाऱ्या पद्धतीत, ठेवणाऱ्या आणि २५५ बाइटची मर्यादा असणाऱ्या लिनक्सच्या एक्स्ट-४ या फाइल सिस्टिममध्ये देवनागरीची गतही हीच. एका कोडला तीन बाइट, म्हणजे पुन्हा ८५, आणि त्यात काना-मात्रा वेगळ्या मोजायच्या.)

मग आली न दिसणारी अक्षरं. झिरो विड्थ जॉइनर, नॉन-जॉइनर, लिहिण्याची दिशा बदलणारी चिन्हं. एचएफएस प्लसच्या तक्त्यात यांची किंमत शून्य आहे आणि शून्य म्हणजे वगळा. तुलना करणारे दोन निर्देशक आपापल्या नावातून सरकताना अशी अक्षरं ओलांडून जातात. खरा शून्य कोड नावात आला तर काय, याचीही सोय आहे: त्याला ६५,५३५ ही सर्वांत मोठी किंमत दिली आहे, म्हणजे तो वगळलाही जात नाही आणि शेवटी जाऊन बसतो. ही सोय उगाच केलेली नाही. हार्ड लिंकसाठीचं ॲपलचं खासगी फोल्डर चार शून्य कोडांनीच सुरू होतं.

वगळण्याचा हा नियम मराठीला कसा भोवतो ते बघा. डोंगरातल्या ‘दऱ्या’ टाइप करायच्या दोन रीती आहेत. एकीत ऱ हे स्वतंत्र अक्षर, मग हलन्त, मग या. दुसरीत साधा र, हलन्त, झिरो विड्थ जॉइनर आणि या. स्क्रीनवर दोन्ही एकसारख्या. पहिल्या रीतीतला ऱ सुटा होऊन र आणि नुक्ता (खालचं टिंब) असा पडतो. दुसऱ्या रीतीतला जॉइनर तुलनेत वगळला जातो आणि मागे उरतो ‘दर्या’, म्हणजे समुद्र. त्यामुळे एका फोल्डरमध्ये ‘दर्या’ नावाची फाइल असेल आणि तुम्ही जॉइनर वापरून ‘दऱ्या’ बनवायला गेलात तर उत्तर येईल, ही फाइल आधीच आहे. ऱ वापरून बनवलीत तर बिनबोभाट बनेल. हे मराठी वाचकाला समजावून सांगता येतं, पण ड्रायव्हरला त्यात काही करता येत नाही. करूही नये. मॅक दोन्हींना एक मानतो, तर आपणही मानायचं.

हे केवळ गैरसोयीपुरतं नाही. गिट हे सोर्स कोड सांभाळणारं साधन आपली सगळी माहिती टिंबानं सुरू होणाऱ्या ‘गिट’ नावाच्या फोल्डरमध्ये ठेवतं आणि बाहेरून आलेल्या कोडला त्या नावाचं फोल्डर बनवू देत नाही. डिसेंबर २०१४ मध्ये एक भोक उघड झालं: त्या नावाच्या मध्ये एक न दिसणारं अक्षर घुसवलं तर गिटच्या तपासणीला ते वेगळं नाव वाटायचं, आणि एचएफएस प्लस मात्र ते वगळून खऱ्याच फोल्डरमध्ये लिहू द्यायचं. दुसऱ्याच्या सेटिंगमध्ये स्वतःच्या आज्ञा पेरायचा रस्ताच मोकळा. नावं सारखी आहेत की नाहीत याबद्दल दोन थरांचं मत वेगळं असेल, तर त्या फटीतून काहीही आत येऊ शकतं.

आमच्याकडेही अशी एक फट होतीच. ऑपरेटिंग सिस्टिम सापडलेली नावं एका कॅशमध्ये, म्हणजे मेमरीतल्या हाताशी ठेवलेल्या साठ्यात, ठेवते, हॅश काढून, म्हणजे नावावरून एक आकडा काढून. तो हॅश नावाच्या कच्च्या बाइटवरून निघत होता. एकच फाइल कॅपिटल नावानं उघडली, मग स्मॉल नावानं उघडली, की कॅशमध्ये दोन नोंदी. एका नावानं पुसून टाकली तरी दुसरी नोंद जिवंत. नियम सोपा आहे, जी नावं तुलनेत सारखी त्यांचा हॅशही सारखाच निघायला हवा, आणि तो पाळायचा तर हॅशलाही तोच सुटा करण्याचा, स्मॉल करण्याचा आणि वगळण्याचा रस्ता चालावा लागतो. ‘ही फाइल नाही’ असं सांगणाऱ्या नोंदी तर आणखी त्रासदायक. ‘नोट्स’ नाही असं कॅशला माहीत आहे, कुणीतरी तीच फाइल कॅपिटल-स्मॉल बदलून बनवली, तर ती जुनी ‘नाही’ खोटी ठरते. आम्ही अशा नोंदी या फाइल सिस्टिमसाठी ठेवणंच बंद केलं. वेग थोडा उतरला. कुणाच्या लक्षात आलं नाही.

तुलनेच्या फंक्शनमध्ये मेमरी मागता येत नाही, कारण कॅश त्याला अशा अवस्थेत बोलावतो जिथे थांबून चालत नाही. कर्नलचा, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचा, स्टॅकही (कामापुरती तात्पुरती मेमरी) तोकडा, त्यावर मोठाले बफर नकोत. मग ठरवलं की शोधायचं नाव शोधाच्या सुरुवातीला एकदाच सुटं करायचं आणि डिस्कवरचं नाव जसं आहे तसं वाचायचं. एका डिस्कवर कुठल्याशा दुसऱ्या ड्रायव्हरनं एकसंध अक्षरांची नावं घुसडलेली सापडली, तेव्हा सहकाऱ्यानं सुचवलं की तुलना करताना डिस्कवरचं नावही सुटं करून घेऊ. तसं केलं तर त्या फाइली सापडतील असं वाटतं, पण झाड लावलं गेलं ते एकसंध रूपाच्या क्रमानं. सुटं करून विचारलं की प्रश्नच वेगळा होतो.

त्याच सहकाऱ्याची दुसरी सूचना मोहात पाडणारी होती. ‘अगं, आपल्याकडे सगळी नावं यूटीएफ-८ मध्येच आहेत. डिस्कवरचीही त्यातच बदलून घे आणि सरळ बाइट बाइट तपास.’ कॅपिटल-स्मॉल एक करण्याचा प्रश्न बाजूला ठेवला तरी इथे एक खाच आहे. मॅकच्या कीबोर्डवरून ॲपलचा लोगो टाइप करता येतो. तो खासगी क्षेत्रातला कोड, ६३,७४३. हसऱ्या चेहऱ्याचा इमोजी १,२८,५१२ वर. आकडे बघितले तर लोगो आधी. यूटीएफ-८ मध्येही लोगोचा पहिला बाइट २३९ आणि इमोजीचा २४०, म्हणजे लोगो आधीच. पण एचएफएस प्लसमध्ये नाव १६ बिटांच्या एककांत असतं आणि इमोजी एका एककात मावत नाही, त्याची दोन होतात. पहिलं एकक ५५,३५७. ते ६३,७४३ पेक्षा लहान, म्हणून डिस्कवर इमोजी आधी. अशी नावं रोज भेटत नाहीत. ज्याला भेटतात त्याची फाइल मात्र हरवते. ही जोडी मी मॅकवर मुद्दाम बनवून तपासनिसाच्या डिस्कमध्ये टाकून ठेवली, कारण लोकांच्या साध्या डिस्कवर ती शेजारीशेजारी कधी येईल याचा भरवसा नाही.

एनटीएफएसचा ड्रायव्हर नंतर हाती आला आणि तिथली पद्धत मला अधिक आवडली. तिथे कॅपिटल करण्याचा तक्ता डिस्कवरच असतो: ६५,५३६ कोड, प्रत्येकी दोन बाइट, १२८ केबी. फॉरमॅट करताना जो तक्ता लिहिला तोच त्या डिस्कचा कायदा. युनिकोडमध्ये पुढे नवी अक्षरं आली तरी जुन्या डिस्कला फरक पडत नाही, ड्रायव्हरनं फक्त डिस्क जोडताना तिचा तक्ता वाचून घ्यायचा. नावं सुटी करणं, जोडणं वगैरे एनटीएफएस काहीच करत नाही. चिन्हवाला ई एकसंध आणि सुटा अशा दोन फाइली एकाच फोल्डरमध्ये खुशाल राहतात.

याच सुमारास फाइल मॅनेजर बनवणाऱ्या टीमकडून मागणी आली: मराठी नावं वर्णमालेच्या क्रमानं यायला हवीत. मागणी रास्त होती. युनिकोडमध्ये ळ हा ल आणि व यांच्या मध्ये येतो, आपल्याकडे तो ह नंतर. क्ष आणि ज्ञ आपण शेवटी शिकतो, पण कोडांच्या हिशेबानं ते क आणि ज यांच्याच घरात राहतात. शिवाय ‘पाठ १०’ हा ‘पाठ २’ च्या आधी येतो, त्याचीही कुरकुर होती. ‘यादी तुमच्याकडून येते ना, मग तुम्हीच क्रमानं द्या की,’ असं त्यांचं म्हणणं.

मी नाही म्हटलं, आणि त्यावर बरीच चर्चा झाली. बी-ट्रीमधला क्रम माणसासाठी नसतोच, तो शोधण्यासाठी असतो. तो आज जसा आहे तसाच वीस वर्षांनी, दुसऱ्या मशीनवर, दुसऱ्या भाषेच्या सेटिंगमध्ये निघायला हवा. तुर्की भाषेत स्मॉल आयचं कॅपिटल टिंबासह होतं. ड्रायव्हरनं वापरणाऱ्याची भाषा विचारली तर तुर्की सेटिंगवर लिहिलेली डिस्क दुसरीकडे वाचता येणार नाही. भाषेप्रमाणे क्रम लावणारे नियम सुधारतही असतात, आणि ते सुधारावेतच. पण २०१८ मध्ये लिनक्सच्या जी-लिब-सी या मूळ लायब्ररीच्या २.२८ आवृत्तीत क्रमाचे नियम बदलले, तेव्हा त्या क्रमावर बांधलेले पोस्टग्रेस या डेटाबेसचे इंडेक्स (शोधण्यासाठीच्या सूची) बिघडले. टेबलमध्ये असलेल्या ओळी शोधल्यावर मिळेनात. आमच्या मूळ तक्रारीचंच भावंड. शेवटी फाइल मॅनेजरनं भाषावार क्रमाचे नियम पुरवणारी आयसीयू लायब्ररी घेतली, मराठीचे नियम लावून यादी स्वतःकडे क्रमानं लावली, आणि ड्रायव्हरला कुणी हात लावला नाही.

त्यांची आणखी एक विनंती होती, ‘ॲप’ची दोन रूपं एक माना. ॲ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ आवृत्तीत आलं. त्याआधीच्या लोकांनी अ वर अर्धचंद्र देऊन काम भागवलं. दिसायला तेच, पण युनिकोड या दोघांना समान मानत नाही, सुटं केलं तरी ती एकमेकांत बदलत नाहीत. शोधण्याच्या चौकटीत दोन्ही सापडवा, असं सांगितलं. डिस्कवर ती दोनच राहणार.

नंतर लिनक्समध्ये जे घडलं त्यानं मला वादात आयतं उदाहरण मिळालं. एक्स्ट-४ मध्ये कॅपिटल-स्मॉल न बघणारी फोल्डरं २०१९ पासून, ५.२ कर्नलपासून, करता येतात. तिथे नावाचा हॅश डिस्कवरच्या रचनेचा भाग असतो आणि तो काढताना न दिसणारी अक्षरं वगळली जात. २०२४ मध्ये ही वगळावगळ काढून टाकली. विचार म्हणून योग्यच होतं, सुरक्षेच्या दृष्टीनंही. पण लाल बदामाच्या इमोजीमागे बहुधा एक न दिसणारं चिन्ह असतं. अशा नावांच्या जुन्या फाइलींचा हॅश आता वेगळा निघू लागला आणि त्या सापडेनाशा झाल्या. डिसेंबरमध्ये तो बदल मागे घेतला गेला. वगळणं चूक होतं हे मान्य करूनच, कारण ती चूक डिस्कवर लिहिली जाऊन बसली होती.

लिहिण्याची सोय आम्ही अगदी शेवटी उघडली, तपासनीस हाताशी असलेल्या प्रत्येक डिस्कवरून निमूट गेल्यावर. एक काम राहिलं होतं. २००३ च्या मॅक ओएस एक्स १०.३ पासून एचएफएस एक्स नावाचा भाऊ आहे, त्याच्या कॅटलॉगच्या मथळ्यात तुलनेची पद्धत सांगणारा एक बाइट असतो. २०७ असेल तर वरचा सगळा खटाटोप, १८८ असेल तर कॅपिटल-स्मॉल वेगळे धरून सरळ आकड्यांची तुलना. साध्या एचएफएस प्लसवर हा बाइट बघायचाच नाही, तिथे त्याला अर्थ नाही. एचएफएस एक्सवर तिसराच आकडा दिसला तर ड्रायव्हर अंदाज बांधत बसत नाही. तो डिस्क जोडायला नकार देतो आणि दिसलेला आकडा लॉगमध्ये छापतो.